अर्ध्या मिनिटाचा हिशेब

देवनहळ्ळीच्या विमानतळावरून बेंगळुरू शहरात पोचेपर्यंत तास-दीड तास सहज मोडतो. नोकरीसाठी इकडे आलेला मराठी माणूस त्या वेळात फोनवर भीमसेन जोशी लावतो. त्यांचे मराठी अभंग आणि पुरंदरदासांची कानडी पदं एकाच यादीत हाताशी असतात. गावाकडून कॅसेट मागवण्याचे दिवस गेले. हे सुख मोठं आहे आणि ते मी मनापासून मानतो.

माझं भांडण आहे ते मोजणीशी. स्पॉटिफाय २०१९ मध्ये भारतात आलं. तिथे गाणं तीस सेकंद वाजलं की एक श्रवण धरलं जातं आणि एकूण श्रवणांतल्या वाट्यानुसार पैसे वाटले जातात. म्हणजे भीमसेनांचा चाळीस मिनिटांचा ख्याल शेवटपर्यंत ऐकला तरी नोंद एकच, आणि अडीच मिनिटांच्या गाण्याचीही एकच. बढत हाच ज्या गायकीचा प्राण, तिला या हिशेबात जागाच नाही. शिवाय २०२४ पासून, वर्षभरात हजार श्रवणं न झालेल्या ध्वनिमुद्रणाला तिथे मानधनाचा वाटाच मिळत नाही. नव्या ख्यालगायकाला हजाराचा हा उंबरठा फार जड आहे.

वेळेची मर्यादा संगीताला नवी नाही. ७८ आरपीएमची तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत संपायची आणि आपलं भावगीत तिच्यातच वाढलं. पण त्या तीन मिनिटांत मुखडा, अंतरे, मधले वाद्यमेळ असं सगळं गाणं बसवावं लागे. आता सगळी धडपड पहिल्या अर्ध्या मिनिटासाठी. सुरुवातीचा वाद्यमेळ आखडतो, मुखडा आधीच येऊन आदळतो आणि दुसऱ्या अंतऱ्यावर कष्ट घ्यायला कारणच उरत नाही.

तरी दार उघडलं आहे, हे नाकारता येणार नाही. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये चित्रपटाच्या आधाराशिवाय मराठी न कळणाऱ्यांपर्यंत गेलं. पूर्वी अशा मुलाला मुंबईतल्या कंपन्यांचे उंबरठे झिजवावे लागले असते.

मला सर्वांत जास्त खुपतं ते नावांचं गळणं. जुनं भावगीत लावा: पडद्यावर ठळकपणे दिसतो तो गायक. कवी आणि संगीतकार शोधायला आणखी दोन-तीन ठिकाणी बोट टेकवावं लागतं आणि तिथेही अनेकदा जागा रिकामी, नाहीतर नाव चुकीचं. आकाशवाणीवर गाण्याआधी ही नावं आवर्जून सांगितली जात. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा मानधनावरचा हक्क पक्का केला; पण नोंदीत नावच नसेल तर तो हक्क बजावायचा कुणी आणि कसा?

श्रवणाचे पैसे ऐकलेल्या मिनिटांवर ठरावेत, ही मागणी संगीतकारांनी लावून धरायला हवी. ती मान्य व्हायला वेळ लागेल. नावांचं काम मात्र लगेच होण्यासारखं आहे. जुन्या मराठी गाण्यांचे हक्क ज्या कंपन्यांकडे आहेत त्यांनी तबकड्यांची वेष्टनं आणि आकाशवाणीच्या नोंदी काढून प्रत्येक गाण्यापुढे कवी-संगीतकाराचं नाव भरावं, आणि ही गाणी घडताना पाहिलेली माणसं आपल्यात आहेत तोवरच त्यांच्याकडून ती नावं तपासून घ्यावीत.