प्रेतलोकाच्या वेशीवर : गाबोर माते यांच्या ग्रंथातील व्यसन, निवारा आणि सक्तीचा प्रश्न

गाबोर माते यांचा 'इन द रेल्म ऑफ हंग्री घोस्ट्स' हा ग्रंथ २००८ साली कॅनडात प्रसिद्ध झाला. व्यसनविषयक लेखनात त्याला आज जवळजवळ प्रमाणग्रंथाचे स्थान प्राप्त झाले आहे. वैद्यक, मज्जाविज्ञान, आत्मकथन आणि सामाजिक धोरण अशा चार प्रवाहांचे मिश्रण असलेल्या या ग्रंथाकडे साहित्यकृती म्हणून मात्र फारसे पाहिले गेलेले नाही. ज्या शहरातील अनुभवावर तो उभा आहे, त्या व्हँकुव्हरमध्ये गेल्या काही वर्षांत व्यसनमुक्ती सेवा, आधारयुक्त निवास आणि सक्तीचे उपचार या तिन्ही बाबतींत नागरिकांचा संताप उघडपणे व्यक्त होऊ लागला आहे. या संतापाच्या पार्श्वभूमीवर सदर ग्रंथाचे पुनर्वाचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

ग्रंथाचे शीर्षक बौद्ध भवचक्रातील प्रेतलोकावरून घेतलेले आहे. चिमुकले तोंड, काटकुळा गळा, वाळलेले हातपाय आणि फुगलेले, सदैव रिकामे पोट असे प्रेताचे रूप त्या चित्रात असते. अतृप्तीची ही प्रतिमा माते यांनी व्यसनाधीन माणसासाठी योजली आणि पुढे ती स्वतःसह सगळ्या उपभोगी समाजाला लावली. मराठी वाचकाला ही प्रतिमा परकी वाटत नाही. मात्र तिच्यातील एक उणीव त्याच्या लगेच लक्षात येते. आपल्याकडील प्रेत हे कुणाचे तरी असते. पितृपक्षात त्याला घास देणारे घर असते आणि त्याच्या अतृप्तीची भीती वाहणारे वारस असतात. माते यांच्या ग्रंथातील प्रेतांना घरही नाही आणि घरचेही नाहीत. त्यांच्याशी बोलणारा एकच माणूस आहे व तो त्यांचा डॉक्टर आहे. ग्रंथाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोहोंचा उगम या रचनेतच सापडतो.

माते यांचा जन्म जानेवारी १९४४ मध्ये बुडापेस्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. नाझी अंमलाखाली आईने काही आठवडे त्यांना परक्यांच्या हवाली केले होते. त्या तान्हेपणीच्या ताटातुटीचा ठसा आयुष्यभर राहिला, असे ते मानतात. १९५७ मध्ये कुटुंब कॅनडात आले. पुढे कुटुंबवैद्य म्हणून दीर्घ काळ काम केल्यानंतर त्यांनी सुमारे बारा वर्षे डाउनटाउन ईस्टसाइड या वस्तीत 'पोर्टलंड हॉटेल सोसायटी'च्या रुग्णांवर उपचार केले. ही वस्ती म्हणजे ईस्ट हेस्टिंग्ज आणि मेन या रस्त्यांच्या चौकाभोवतीचा काही घरांच्या ओळींचा परिसर. एकेकाळी लाकूडतोडे, खलाशी आणि हंगामी कामगार राहत असलेली एकखोली हॉटेले तेथे आहेत. आपल्या चाळींप्रमाणे संडास-न्हाणी सामाईक. फरक इतकाच की चाळीत गॅलरी असते आणि गॅलरीत माणसे असतात, तर येथे बंद दारांची अंधारी वाट असते.

ग्रंथाचे पहिलेच प्रकरण पोर्टलंड हॉटेलला समर्पित आहे आणि त्याच्या शीर्षकात 'घर' हा शब्द आहे, ही गोष्ट सूचक होय. १९९० च्या दशकात आकारास आलेल्या या संस्थेचे तत्त्व साधे होते. इतर ठिकाणांहून हाकलल्या गेलेल्या माणसाला खोली द्यावी, आणि व्यसन सोडणे ही खोलीची पूर्वअट करू नये. न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून 'आधी घर' या नावाने रूढ झालेल्या विचाराशी हे तत्त्व मिळतेजुळते आहे. २००९ ते २०१३ या काळात कॅनडातील पाच शहरांत, सुमारे दोन हजार बेघर मनोरुग्णांना सामावून घेणारा एक मोठा शासकीय प्रयोग झाला. घर आणि आधार मिळाल्यास बहुतांश माणसे घरात टिकून राहतात, हे त्याने दाखवून दिले. मात्र घर मिळाल्याने व्यसन आपोआप कमी होते, असे त्या प्रयोगातून ठामपणे दिसले नाही. सार्वजनिक चर्चेत या दोन निष्कर्षांची सतत गल्लत होते. घराने घराचा प्रश्न सुटतो. त्याने सारेच सुटेल अशी अपेक्षा ठेवली गेली आणि मग अपेक्षाभंगाचे खापर घरावर फुटले.

ग्रंथातील व्यक्तिचित्रे हा त्याचा निर्विवादपणे सर्वोत्तम भाग आहे. शिरा संपल्यामुळे मानेत सुई टोचणारी स्त्री, एचआयव्हीची औषधे नाकारणारा पण डॉक्टरशी विनोद करणारा पुरुष, गरोदरपणात व्यसन सोडण्याचा निर्धार करून पुन्हा घसरणारी तरुणी, ही माणसे 'प्रकरणे' म्हणून येत नाहीत. त्यांच्या तोंडी असलेली भाषा शिवराळ, चतुर आणि कधी विलक्षण काव्यात्म आहे. माते यांनी तिच्यावर सभ्यतेचा रंग चढवलेला नाही. वस्तीतील स्त्रियांच्या बालपणी झालेल्या लैंगिक अत्याचारांची मालिका वाचताना, व्यसन म्हणजे वेदनेवर शोधलेला उपाय होय, हा त्यांचा मुख्य सिद्धांत वाचकाला पटवून देण्याची गरजच उरत नाही. मूलनिवासी समाजाच्या मुलांना कुटुंबांपासून तोडणाऱ्या कॅनडाच्या निवासी शाळांचा इतिहास या वस्तीत कसा वाहत आला आहे, हेही येथे दिसते.

याच्या तुलनेत आत्मकथनाचा भाग वादग्रस्त ठरतो. माते अभिजात संगीताच्या तबकड्या विकत घेण्याच्या स्वतःच्या अनावर ओढीला व्यसनाच्याच पंक्तीत बसवतात. एकदा तर प्रसूतीच्या वेदना सुरू झालेल्या स्त्रीला सोडून आपण दुकानात गेलो, अशी कबुली ते देतात. या प्रामाणिकपणाचा आदर करावयास हवा. तथापि, तबकड्यांवर हजारो डॉलर उधळणारा डॉक्टर संध्याकाळी आपल्या घरी परततो. त्याचा रुग्ण परतत नाही. दोघांतील साम्य दाखवण्याच्या उत्साहात हे अंतर पुसट होते. मज्जाविज्ञानविषयक प्रकरणांबाबतही असाच आक्षेप घेतला गेला आहे. बालपणीच्या आघाताला मध्यवर्ती स्थान देताना ते आनुवंशिकतेचा वाटा फारच कमी लेखतात. जुळ्यांच्या अभ्यासांतून पुढे आलेले पुरावे इतक्या सहज बाजूला सारता येणारे नाहीत.

ग्रंथातील सर्वांत मोठा ताण मात्र सक्तीच्या प्रश्नावर आहे, आणि तो बहुतेक समीक्षकांनी दुर्लक्षिला आहे. दीर्घ व्यसनात मेंदूची निवड करण्याची क्षमताच खालावते, व्यसनी माणसाच्या 'स्वतंत्र इच्छे'विषयी बोलणे जपूनच करावयास हवे, असे माते अनेक प्रकरणे खर्ची घालून सांगतात. हे मान्य केले, तर जो निवडच करू शकत नाही त्याच्या संमतीची वाट का पाहावी, हा प्रश्न अटळपणे उभा राहतो. सक्तीच्या उपचारांचे समर्थक आज नेमका हाच युक्तिवाद करतात. माते यांचे उत्तर असे की तणाव हे व्यसनाचे इंधन आहे आणि सक्ती हा स्वतःच एक मोठा तणाव आहे. म्हणून सक्तीने दीर्घकाळात हानीच अधिक होते. उत्तर सुसंगत आहे, परंतु अपुरे आहे. रस्त्यावर राहणे, हिवाळ्यात भिजलेल्या गादीवर झोपणे, दलालाचे देणे चुकवणे हाही तणावच आहे. कोणता तणाव कमी घातक, याची तुलना ग्रंथात कोठेही होत नाही.

२००८ नंतर परिस्थिती इतकी पालटली की ही तुलना टाळणे आता शक्य राहिलेले नाही. माते यांच्या मूळ ग्रंथातील विश्व हेरॉइन आणि कोकेनचे आहे. त्यात माणसे हळूहळू झिजतात, त्यामुळे डॉक्टरला वाट पाहायला वर्षे मिळतात. फेंटानिलने ही वर्षे हिरावून घेतली. १४ एप्रिल २०१६ रोजी ब्रिटिश कोलंबिया प्रांताने सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली. एकट्या २०२३ या वर्षात प्रांतात अडीच हजारांहून अधिक माणसे विषारी अमली पदार्थांनी दगावली. जे वाचतात त्यांपैकी अनेकांच्या मेंदूला प्राणवायूअभावी कायमची इजा होते. रुग्ण स्वतःहून तयार होईपर्यंत थांबण्याचे जे धैर्य ग्रंथात करुणेचे रूप घेऊन येते, तेच आज मृताच्या आईला बेपर्वाई वाटू शकते.

नागरिकांच्या संतापाचा विचार या संदर्भात करावा लागतो. २००३ मध्ये सुरू झालेले 'इनसाइट' हे देखरेखीखालील इंजेक्शन केंद्र उत्तर अमेरिकेतील पहिले कायदेशीर केंद्र होते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बंद पाडण्याचा संघराज्य सरकारचा प्रयत्न एकमताने फेटाळला. जानेवारी २०२३ मध्ये अडीच ग्रॅमपर्यंत अमली पदार्थ बाळगणे गुन्ह्याच्या कक्षेबाहेर ठेवणारा तीन वर्षांचा प्रयोग सुरू झाला. मे २०२४ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या सेवनापुरता तो मागे घ्यावा लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्या रिचमंड शहरात अशा केंद्राच्या नुसत्या प्रस्तावावर मोठी निदर्शने झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रांताचे मुख्यमंत्री डेव्हिड एबी यांनी मानसिक विकार, मेंदूची इजा आणि तीव्र व्यसन एकत्र असलेल्या रुग्णांसाठी सक्तीच्या उपचारांच्या सोयी वाढवण्याची घोषणा केली. २०२५ च्या आरंभी व्हँकुव्हरच्या महापालिकेने नव्या आधारयुक्त निवासांची भर घालणे थांबवण्याचा निर्णय घेतला. वीस वर्षांत चाक जवळजवळ उलटे फिरले.

माते यांच्या चौकटीत या संतापाला एकच नाव आहे : नकार, म्हणजे समाजाने आपल्याच वेदनेकडे फिरवलेली पाठ. हे स्पष्टीकरण मनोवैज्ञानिक दृष्ट्या आकर्षक असले तरी ते शेजाऱ्याला ग्रंथाबाहेर ठेवते. चायनाटाउनमधील दुकानदार, त्याच हॉटेलच्या वरच्या मजल्यावर व्यसनाविना राहणारी वृद्धा, रात्रपाळीला तुटपुंज्या वेतनावर बसणारा कर्मचारी आणि शाळेच्या वाटेवरील सुया उचलणारी आई यांपैकी कोणालाही ग्रंथात आवाज नाही. त्यांची तक्रार नेहमी क्रूरतेची नसते. पुष्कळदा ती हिशेबाची असते. इतका पैसा खर्च झाला, मग माणसे मरतात का? या प्रश्नाला अज्ञान म्हणून झटकणे सोपे आहे, पण त्याचे प्रामाणिक उत्तर ग्रंथातच दडलेले आहे. माते यांनी इंजेक्शन केंद्रांबरोबरच सार्वजनिक खर्चाने चालणारी, स्वच्छ खोल्या, सकस अन्न आणि मोकळा निसर्ग असलेली उपचारगृहेही मागितली होती. शासनाने जीव वाचवणारा स्वस्त भाग उचलला. माणूस सावरणारा महागडा भाग मागे ठेवला. लोकांच्या डोळ्यांसमोर आले ते या अर्धवट योजनेचे फळ, आणि ते करुणेचे फळ म्हणून नाकारले गेले.

रिव्हरव्ह्यू मनोरुग्णालयाचा इतिहास येथे आठवणे अपरिहार्य आहे. कोक्विटलम येथील या रुग्णालयात १९५० च्या दशकात चार हजारांहून अधिक रुग्ण होते. टप्प्याटप्प्याने रिकामे होत ते २०१२ मध्ये बंद झाले. रुग्णांना समाजात सामावून घेणारी व्यवस्था मात्र तेवढ्या प्रमाणात उभी राहिली नाही, आणि त्यांपैकी अनेकांच्या वाट्याला ईस्टसाइडच्याच खोल्या आल्या. आज सक्तीच्या खाटांची मागणी करणारे रिव्हरव्ह्यूचे नाव हळहळीने घेतात. परंतु सक्तीने काही आठवडे व्यसनाविना ठेवलेल्या माणसाच्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. तो त्याच खोलीत, त्याच विक्रेत्याच्या दाराशी परतला, तर पूर्वीचीच मात्रा त्याला पुरून उरते. सक्तीचा खरा कस रुग्णालयाच्या आत नव्हे, बाहेर पडण्याच्या दिवशी लागतो.

मराठीत या विषयावरील महत्त्वाचे लेखन म्हणजे अनिल अवचट यांचे 'गर्द'. माते यांच्या ग्रंथाशी त्याची तुलना उद्बोधक ठरते. अवचट पत्रकाराच्या पायांनी फिरतात. त्यामुळे त्यांच्या लेखनात ब्राऊन शुगर ओढणारा तरुण एकटा येत नाही. घरातील भांडी विकली गेलेली आई आणि पोलिस चौकीत हेलपाटे घालणारा बाप त्याच्यासोबत येतात. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणच्या उपचारपद्धतीतही कुटुंबाला हेच स्थान मिळाले. शैलीच्या दृष्टीने अवचट माते यांच्याइतके सूक्ष्म नाहीत, मेंदूविषयीही ते फारसे बोलत नाहीत. पण त्यांच्या चौकटीत शेजारी आणि नातलग उभे राहतात, हा फरक मोलाचा आहे.

अर्थात, कुटुंब असणे म्हणजे सक्ती नसणे नव्हे. महाराष्ट्रात सक्ती बहुधा कुटुंबाच्याच हातून होते. रिक्षात घालून केंद्रावर आणून सोडलेला मुलगा हे परिचित दृश्य आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याने दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला, उपचारसंस्थांना नोंदणी बंधनकारक केली आणि रुग्णाच्या इच्छेविना दाखल करण्यावर मुदतीची व पुनर्विलोकनाची बंधने घातली. म्हणजे व्हँकुव्हरमध्ये जो वाद चौकात चालला आहे, तो येथे घराच्या उंबरठ्यावर, बहुधा मध्यरात्री आणि साक्षीदारांविना चालतो. त्या उंबरठ्यावरील आईला माते यांचा ग्रंथ तिच्या मुलाविषयी खूप काही सांगू शकतो. दार उघडावे की बाहेरून कडी लावावी, याविषयी मात्र तो तिच्याशी एक वाक्यही बोलत नाही.