अडण्याचं एक पान

साहित्याच्या विद्यार्थ्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेची जाण आहे का, असं आपल्याकडे सारखं विचारलं जातं. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसमोर आलं. आता एम.ए.च्या वर्गाला ते काय आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. फोनवर आहे, मराठीत उत्तर देतं. मग जाण नेमकी कशाची हवी, हे आज आपण पाहू.

एक उदाहरण घेऊ. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. तेंडुलकर तेव्हा नावाजलेले नाटककार होते. तरी या कवितांतले कित्येक शब्द आपल्याला कळत नाहीत, हे त्यांनी उघड सांगितलं आणि कवीलाच अर्थ विचारले. आम्हाला हे फार मोलाचं वाटतं. त्यांचं वाचन अडलं तिथूनच सुरू झालं.

आता हीच कविता यंत्राला विचारा. ते अडतच नाही. विद्रोह, वेदना, शोषितांचा आवाज, प्रतिमांचा प्रभावी वापर. झाले चार परिच्छेद! वाक्यं शुद्ध असतात. गंमत अशी, की ढसाळांच्या जागी दुसऱ्या कवीचं नाव घातलं तरी काही बिघडत नाही. हे यंत्र पुढचा संभाव्य शब्द कोणता, याचा अंदाज बांधत जातं. ढसाळांची ताकद तर कुणाच्या अंदाजात नसलेल्या शब्दात आहे. शिवाय यंत्राला शिकवलेल्या मजकुरात इंग्रजी उदंड, मराठी थोडी. कामाठीपुऱ्याच्या बोलीचं तर विचारूच नका. तरी ते अर्थ सांगतं, आणि ठामपणे सांगतं.

दोष एकट्या मुलांचा नाही. असलीच वाक्यं वर्षानुवर्षं गाईडांत होती, त्यांना गुणही मिळत होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. पण साम्य मोजणारं सॉफ्टवेअर उसनी वाक्यं पकडतं, उसनं वाचन त्याला दिसत नाही. यंत्र तर प्रत्येकाला ताजी वाक्यं करून देतं.

बंदीनं हे सुटायचं नाही. इंग्रजी समीक्षा समजून घ्यायला खेड्यातून आलेल्या मुलीला या यंत्राचा खरा आधार होतो. तो काढून घेऊ नये. गुण कशाला द्यायचे, ते मात्र बदलायला हवं. आम्ही सुचवतो ते साधं आहे. प्रत्येक निबंधाला एक पान जोडलेलं असावं: मी कुठे अडले, कुणाला विचारलं, काय कळलं, काय अजून कळलेलं नाही. तोंडी परीक्षा त्याच पानावर घ्यावी. तुम्ही म्हणाल, तेही पान यंत्र लिहून देईल. देईल की! पण समोर कविता उघडून ‘हा शब्द इथे का?’ असं विचारलं, की कोण त्या शब्दापाशी थांबलं होतं ते दोन मिनिटांत कळतं.

अर्थात त्यासाठी शिक्षकानंही कविता वाचून यायला हवं. आता तुमचे प्रश्न घेऊ.