'बोग' आणि 'अभागी'

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेहून पवनार फारसे दूर नाही. पवनारच्या विनोबांनी १९५१ मध्ये भूदान आरंभिले, तेव्हा शंकराचार्यांच्या आधारे 'दान' म्हणजे 'संविभाग', म्हणजेच योग्य वाटणी, असा अर्थ त्यांनी लावला. या 'भाग' शब्दाचे आप्त स्लाव्हिक भाषांत थेट परमेश्वराच्या नावात आढळतात, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. बहुतांशी कॅथलिक असलेले हे लोक प्रार्थनेत देवाला 'बोझे' अशी साद घालीत. हे 'बोग' या मूळ शब्दाचे संबोधन होय. नवव्या शतकात संत सिरिल व संत मेथोडियस यांनी स्लाव्हिक भाषेत शास्त्रग्रंथ आणले, तेव्हा त्यांनीही लोकांच्या तोंडचा हाच शब्द स्वीकारला.

संस्कृत 'भज्' धातूचा एक अर्थ वाटून देणे. भाग, भाग्य, भक्ती, भगवंत हे शब्द त्यातलेच. अन्न या अर्थाच्या 'भक्त' शब्दापासून तर आपला 'भात' आला. वेदांतील 'भग' हा भाग्य वाटणारा आदित्य. स्लाव्हिक कुळातही असाच परिवार दिसतो : रशियन 'बोगाती' म्हणजे श्रीमंत, पोलिश 'उबोगी' म्हणजे दरिद्री, आणि पोलिश 'झ्बोझे' म्हणजे धान्य.

यावरून स्लाव्हिक भाषा संस्कृतातून निघाल्या, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो टिकणारा नाही. 'बोग' हा समान पूर्वजांकडून आलेला वारसा, की प्राचीन इराणी 'बग' शब्दाचे ऋण, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणताही पक्ष घेतला तरी संस्कृत ही येथे जननी ठरत नाही. ती आप्तच ठरते. आपला 'देव' आणि लॅटिन 'देउस' यांचेही नाते असेच. त्यांच्या मुळाशी तेजाची कल्पना आहे, तर 'बोग'च्या मुळाशी वाट्याची.

व्युत्पत्ती म्हणजे ईशज्ञान नव्हे. शब्दाच्या मुळावरून श्रद्धेचा आशय सिद्ध होत नाही. परंतु विसरलेला अर्थ ती समोर ठेवते. 'उबोगी' आणि आपला 'अभागी' यांची घडण एकच : ज्याला भाग नाही तो. आपण मात्र 'अभागी' म्हणताना केवळ नशिबाकडे बोट दाखवितो आणि मोकळे होतो. शब्द नीट वाचला, तर त्याच्या वाट्याचे काय झाले, हा प्रश्न आपल्यालाच विचारावा लागतो.