नीतिवचनातला ‘बहुधा’

एखादं छोटं, ठाम वाक्य ऐकलं की आपण मान डोलावतो. पुरावा मागत नाही. असं का होतं, हे आज एकाच पुस्तकाच्या आधारे पाहू. पुस्तक आहे ला रोशफुको या फ्रेंच उमरावाचं ‘मॅक्झिम्स’, म्हणजे नीतिवचनं.

पहिली आवृत्ती १६६५ सालची. तिची सुरुवात आत्मप्रेमावरच्या एका लांबलचक उताऱ्याने होत होती. पुढच्याच वर्षी, दुसऱ्या आवृत्तीत, लेखकाने तो काढून टाकला. आता बघा, पुस्तकाचा मुख्य विषयच आत्मप्रेम, आणि त्यावरचं सगळ्यात सविस्तर लिखाण बाहेर! तरी पुस्तक दुबळं झालं नाही. उलट, जे तिथे एकदम सांगून टाकलं होतं ते आता वाचकाला शेकडो सुट्या वचनांतून स्वतः जुळवावं लागतं. १६७८ च्या पाचव्या आवृत्तीत ही वचनं ५०४ झाली. त्यांतली कितीतरी मादाम द साब्ले यांच्या बैठकीत आणि पत्रव्यवहारात घासूनपुसून निघालेली.

ठामपणाचं काय? नव्या आवृत्त्यांत काही वचनांमध्ये ‘बहुधा’, ‘पुष्कळदा’ असे शब्द आले. वाटेल, लेखक कचरला. आम्हाला उलट वाटतं. एकेक शब्द तोलणारा माणूस ‘बहुधा’ला जागा देतो, म्हणजे त्याशिवाय वाक्य खोटं पडेल हे त्याने जोखलेलं असतं. आपलं म्हणणं कुठपर्यंत खरं आहे हे ठाऊक असणं, हाच आत्मविश्वास.

पण एक आक्षेप घ्यायलाच हवा. सद्गुणांच्या मुळाशी स्वार्थच शोधायचा ठरवला, तर तो त्यागातही सापडतो. तुम्ही नाही म्हणालात, तर त्या नाही म्हणण्यातही सापडतो. असं विधान कधी हरतच नाही. मग त्याच्या ठामपणाला किंमत किती? जिथे ‘बहुधा’ गळतो, तिथे ला रोशफुकोसुद्धा या सापळ्यात अडकतो.

आपल्या परंपरेत याला एक तोड आहे. शंकराचार्यांच्या पाठात ब्रह्मसूत्रं ५५५, त्यांतली पुष्कळशी दोन-चार शब्दांची. पण ती भाष्यासह शिकवायची रीत. त्याच सूत्रांवरून शंकराचार्य आणि रामानुजाचार्य वेगवेगळ्या सिद्धान्तांना पोचले, आणि दोघांनाही युक्तिवाद सविस्तर मांडावा लागला. सुट्या नीतिवचनाला असा भाष्यकार नसतो. ते काम वाचकाचं.

तेव्हा एखादं वचन फार पटलं, की त्यात ‘बहुधा’ घालून ते पुन्हा वाचून पाहावं. तरीही वजन टिकलं, तर त्यात विचार आहे. नाहीतर आपण नुसत्या रुबाबाला मान डोलावली होती. प्रश्नोत्तरांत यावर आणखी बोलू.