जागेवरच उभं राहिलेलं घर

पुण्यातल्या येरवड्याच्या वस्त्यांमधली नवी घरं शोधावी लागतात, आणि मला तेच इथल्या वस्ती सुधारण्याच्या कामाचं मोठं यश वाटतं. बोळातून जाताना आधी एखादं जुनं पक्कं घर लागतं, मग त्याच्या भिंतीला खेटून वर चढलेलं अरुंद नवं घर, मग पुन्हा जुनं. पाडली ती फक्त कच्ची घरं. लोकांनी पोटाला चिमटा काढून बांधलेल्या पक्क्या भिंतींना धक्का लावला नाही. त्यामुळे शेजार मोडला नाही, बोळही जागच्या जागी राहिले.

हे काम जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर नूतनीकरण मोहिमेतलं. तिच्यातल्या शहरी गरिबांसाठीच्या बीएसयूपी योजनेत दर घरामागे सुमारे तीन लाख रुपये होते, त्यातला दहावा हिस्सा कुटुंबाचा. क्षेत्रफळ २७० चौरस फूट. एवढ्यात वास्तुरचनाकार काय करणार? फिलिपे बालेस्ट्रा आणि सारा योरानसन यांनी २००९मध्ये आखलेले तीन नमुने पाहावेत. पहिल्यात घर दुमजली, पण पाया तिसरा मजला पेलेल असा. दुसऱ्यात तळमजला खांबांवर मोकळा: गाडी लावा, नाहीतर दुकान काढा. तिसऱ्यात चक्क मधलाच मजला मोकळा! इंच इंच जागेची मारामार असताना ती रिकामी सोडायला धाडस लागतं. कुटुंब वाढेल, कमाई वाढेल, तेव्हा भिंती त्यांच्या त्यांनी घालाव्यात, एवढा विश्वास त्या रेषांमध्ये आहे.

प्रत्यक्ष बांधकामात वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई, स्पार्क ही स्वयंसेवी संस्था आणि महिला मिलन ही वस्तीतल्या बायकांची संघटना यांनी हे काम घराघरांत नेलं. कपडा ताणून खऱ्या मापाचं घर उभं करायचं आणि बायकांना आत फिरवायचं, ही महिला मिलनची जुनी रीत. ओटा कुठे हवा, मोरी कुठे, हे कागदावर कळत नाही; आत उभं राहिलं की लगेच कळतं. जागा फारच चिंचोळी असेल तिथे शेजाऱ्यांनी जागा एकत्र केल्या आणि सामाईक जिना घेतला. त्या जिन्यात मला या रचनेची सगळी समज दिसते, कारण तो नकाशाच्या आधी दोन घरांच्या बोलण्यात ठरावा लागतो.

एक उणीव मात्र खटकते. तीन बाजूंनी भिंती खेटलेल्या घराला उजेड समोरूनच मिळतो, आणि बोळ अरुंद असला की तळमजल्यावर भर दुपारी दिवा लावावा लागतो. जिनेही उभे, म्हाताऱ्या माणसांना जड जाणारे.