सायनाइडने नेमकं काय थांबवलं?

पीएचडीला प्रवेश घेण्याआधी एक जुना पेपर वाचाच, असं मी तुम्हाला सांगेन. हान्स क्रेब्ज यांचा, 1935 सालचा, 'बायोकेमिकल जर्नल'मधला. विषय: मूत्रपिंडात अमिनो आम्लांमधून अमोनिया कसा सुटतो. सायट्रिक आम्ल चक्र याच्यानंतर दोन वर्षांनी आलं.

प्रयोग ऐकायला साधा आहे. मूत्रपिंडाचे पातळ काप घ्यायचे, त्यात अमिनो आम्ल घालायचं, अमोनिया किती सुटला आणि ऑक्सिजन किती लागला ते मोजायचं. तयार झालेलं कीटो आम्ल पुढे जळून जाऊ नये म्हणून क्रेब्जनी आर्सेनाइटही वापरलं. म्हणजे विषाचा उपयोग त्यांनी वाटेत बांध घालण्यासाठी केला. हे मला फार आवडतं.

त्यांना दिसलं ते असं. डी-अमिनो आम्लं एल-पेक्षा वेगाने फुटतात. ऊती फोडून अर्क काढला की एल-ची क्रिया बंद पडते, डी-ची चालू राहते. सायनाइड आणि ऑक्टाइल अल्कोहोल एल-ची क्रिया रोखतात, डी-ची नाही. निष्कर्ष: दोन वेगळ्या यंत्रणा. हा निष्कर्ष आजही टिकून आहे.

मग खोट कुठे आहे? एल-च्या यंत्रणेला त्यांनी एका एन्झाइमसारखं नाव दिलं, तिथे. आज आपल्याला माहीत आहे की तिथे मुख्यतः साखळी आहे. आधी अमिनो गट अल्फा-कीटोग्लुटारेटवर जातो, ग्लुटामेट बनतं, मग ग्लुटामेट डीहायड्रोजनेज त्यातून अमोनिया सोडतं. त्यात तयार होणारं एनएडीएच पुन्हा मोकळं व्हायला श्वसनसाखळी चालू लागते. सायनाइड घाव घालतं ते या श्वसनसाखळीवर, अमोनिया सोडणाऱ्या एन्झाइमवर नाही. डी-अमिनो आम्ल ऑक्सिडेज मात्र एफएडीच्या मदतीने थेट ऑक्सिजनलाच इलेक्ट्रॉन देतं, म्हणून ते सायनाइडला दाद देत नाही. परिणाम इथे दिसला, घाव तिथे होता.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, ठेच लागली म्हणून सांगतोय. सोडियम बेंझोएट हा डी-अमिनो आम्ल ऑक्सिडेजचा ओळखीचा रोधक आहे, तो डी-अमिनो आम्लाच्या जागेवर जाऊन बसतो. मी बोकडाच्या मूत्रपिंडाच्या कापांत डी-अलानिन घातलं, वर बेंझोएट घातलं, अमोनिया कमी झाला. 'एन्झाइम रोखलं गेलं' असं लिहून मोकळा झालो. समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "बेंझोएट मूत्रपिंडात अजून काय काय करतं?"

मला उत्तर आलं नाही. उत्तर 1876 पासून छापलेलं आहे! बुंगे आणि श्मीडेबर्ग यांनी तेव्हाच दाखवलं होतं की कुत्र्याचं मूत्रपिंड बेंझोइक आम्ल आणि ग्लायसिन जोडून हिप्युरिक आम्ल बनवतं. या जोडणीत एटीपी खर्च होतं, कोएन्झाइम ए अडकून पडतं. आणि अमिनो आम्ल पेशीत ओढून घ्यायलाही ऊर्जाच लागते. मग माझा अमोनिया कशामुळे कमी झाला? एन्झाइम अडलं म्हणून, की डी-अलानिन आतच पोचलं नाही म्हणून? माझ्या आकड्यांवरून सांगता येत नव्हतं. शुद्ध एन्झाइमवर प्रयोग केलेला नव्हता, एल-अलानिनचं कंट्रोलही नव्हतं. ते प्रकरण मागे घ्यावं लागलं. सहा महिने गेले.

म्हणून 'अमुक संयुगाने ऊतीतलं तमुक घटवलं' असं वाक्य दिसलं की तीन प्रश्न विचारा. प्रयोग कापांवर आहे की शुद्ध एन्झाइमवर? थांबायला नको असलेली एखादी क्रिया शेजारी चालू असलेली दाखवली आहे का? आणि त्या संयुगाचा त्याच ऊतीत दुसरा कुठला उद्योग आहे?

क्रेब्ज यातल्या दुसऱ्या प्रश्नाला पुरून उरले. त्यांच्याकडे एल-शेजारी डी- होतं. त्यामुळे नाव चुकलं तरी निरीक्षण वाचलं. माझ्याकडे शेजारी काहीच नव्हतं, म्हणून माझं काहीच वाचलं नाही. तुमच्या पहिल्या प्रयोगात तो शेजारी आधी ठरवा, रोधकाची बाटली नंतर उघडा.