नाक, सुरी आणि जात

मराठीत नाक हा नुसता श्वासाचा अवयव नाही. ती इभ्रत आहे. घराण्याचे नाक वर राहते किंवा कापले जाते. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने येतात. प्रस्थापित कथा-कादंबरीतील नायिका पहिल्याच भेटीत चाफेकळी नाक घेऊन उभी असते. बसके, फेंदारलेले नाक वाट्याला येते ते मोलकरणीच्या, गाडीवानाच्या नाही तर खलपुरुषाच्या. लेखकाला पात्राची जात सांगावी लागत नाही. नाक सांगितले की काम भागते. याला आपण वर्णनशैली म्हणत आलो. वस्तुतः हा सत्तेचा संकेत आहे.

हा संकेत आता पुस्तकाच्या पानावरून शस्त्रक्रियेच्या टेबलावर आला आहे. नाक सरळ, बारीक, टोकदार करून घेण्याची शस्त्रक्रिया शहरी मध्यमवर्गाला परकी राहिलेली नाही, आणि तिची कुजबुज आपल्या शिकलेल्या घरांतही ऐकू येते. म्हणून प्रश्न विचारला पाहिजे : या शस्त्रक्रियेकडून अपेक्षा कसली करायची?

डॉक्टराचे उत्तर सरळ असते. बहुधा पूर्ण भूल देऊन नाकाचे हाड आणि कूर्चा कापतात, घासतात, नव्याने रचतात. साधारण आठवडाभर नाकावर आधारपट्टी असते. डोळ्यांखालची काळीनिळी सूज ओसरायला एक-दोन आठवडे लागतात. नाक खऱ्या अर्थाने बसायला वर्ष लागते, कातडी जाड असेल तर त्याहूनही अधिक. काहींचा श्वास अडतो, काहींना दुसऱ्यांदा टेबलावर जावे लागते. हातभर अंतरावरून मोबाईलने काढलेल्या फोटोत नाक असते त्याहून रुंद दिसते. तो फोटो पाहून निर्णय घेऊ नये. प्रामाणिक डॉक्टर आणखी एक प्रश्न विचारतो : हे कुणासाठी करता आहात? कारण आरशातील चेहऱ्याविषयीची काही दुःखे कुठल्याच सुरीने बरी होत नाहीत, हे वैद्यकालाही ठाऊक आहे.

अपघाताने नाक चेपले, आतला पडदा वाकून श्वास कोंडला, तर उपचार हा हक्क आहे. निव्वळ स्वतःच्या आवडीसाठी कुणी नाक बदलून घेतले, तरी त्याच्यावर नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला नाही. समीक्षा व्यक्तीची करायची नाही. करायची आहे ती ज्या मापाने नाक मोजले जाते त्या मापाची.

ते माप कुणी आणले? हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने १८९१ मध्ये बंगालच्या जाती-जमातींवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचे, शंभराने गुणायचे. आकडा सत्तरच्या आत आला की नाक बारीक, पंचाऐंशीच्या वर गेला की रुंद. जातीचा दर्जा नाकाच्या रुंदीच्या उलट प्रमाणात असतो, असा सिद्धान्त त्याने मांडला. पुढे १९०१ च्या जनगणनेचा तो प्रमुख झाला. विषमतेला आता शास्त्राचा अंगरखा मिळाला.

तो अंगरखा डॉ. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये फाडला. अस्पृश्यांच्या मूळ शोधणाऱ्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी डॉ. घुर्ये यांनी दिलेली नाकांचीच मोजमापे घेतली आणि दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा ठरत नाही. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य. ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. विरोधकाची मोजपट्टी घेऊन विरोधकाचा सिद्धान्त पाडण्याचा हा नमुना आहे. जात नाकात नव्हतीच. मग नाक कापून ती जाणार कशी?

ज्यांनी हा मार्ग चालून पाहिला त्यांच्याकडे बघावे. जाक योसेफ या ज्यू डॉक्टराने १८९८ मध्ये बर्लिनमध्ये मोठे नाक लहान करण्याची शस्त्रक्रिया केली. पहिल्या महायुद्धात चेहरे फाटलेल्या सैनिकांनाही त्याने चेहरे दिले. युरोपात ‘ज्यू नाका’ची व्यंगचित्रे छापली जात होती, तो हा काळ. त्याच्याकडे येणाऱ्यांत ज्यूही होते. गर्दीत ओळखू न येण्याची त्यांची इच्छा समजण्यासारखी आहे. पण १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी नाक मोजले नाही. त्यांनी आजी-आजोबा मोजले. आपल्याकडे आडनाव विचारतात, गाव विचारतात, गावात घर कुठल्या बाजूला ते विचारतात. द्वेषाला खूण लागते; एक पुसली की तो दुसरी शोधतो.

आणि ही सुरी तरी कुणाची? सुश्रुतसंहितेत गालाची कातडी घेऊन नाक घडवण्याची रीत आहे, म्हणून सुश्रुताच्या तसबिरी लागतात. पण ज्या शस्त्रक्रियेने युरोपचे डोळे उघडले ती पुण्याजवळची आहे. इंग्रज फौजेचा बैलवाला कावसजी १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात तोडण्यात आला. वर्षभर तो नाकाविना राहिला. मग एका कारागिराने मेणाचा साचा करून कपाळावर माप आखले, कातडी सोडवून खाली वळवली आणि नवे नाक बसवले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने १७९४ च्या ऑक्टोबरात हा वृत्तान्त छापला. तो वाचून जोसेफ कार्प्यू याने १८१४ मध्ये लंडनला तीच रीत करून दाखवली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले.

रोग्याचे नाव छापले गेले, कार्प्यूचे नाव इतिहासात गेले. पुण्याच्या त्या कारागिराविषयी वृत्तान्तात काय आहे? तो विटा करणाऱ्यांच्या जातीचा होता, एवढेच. नाव नाही. मनुस्मृतीने वैद्याच्या अन्नाला पू म्हटले आणि त्याला श्राद्धाच्या पंगतीतून उठवले. रक्तामांसाला हात लावणारी विद्या ज्या समाजाने विटाळली, तीच विद्या जगाने वाखाणल्यावर त्याच समाजाने प्राचीन वैभव म्हणून मिरवली. मिरवताना विटा करणारा मात्र पुन्हा बाहेरच राहिला.

म्हणून या सुरीची दोन कामे वेगळी ओळखावीत. एक कापलेले नाक परत देते. दुसरे, कुणी न कापलेले नाक मालकाच्या हातूनच कापून घेते. पहिल्यात न्याय आहे. दुसऱ्यात, भीतीपोटी ते घडत असेल तर, जुनीच शिक्षा आहे. फरक इतकाच की आता तिची फी आपण भरतो.

शेवटी स्वतःकडे वळू. ‘वाटत नाही हो तुम्ही त्यातल्या’, हे वाक्य आपल्या लेखनात अनेकदा येते आणि ऐकणारे पात्र कधी कधी मनातून सुखावते. त्या सुखावण्याची चिकित्सा आपण पुरेशी केलेली नाही. आपल्याही कथांत नायिका ‘नाकीडोळी नीटस’ असतेच. हा शब्द आपण कुठून उचलला? आईचे रुंद नाक, ज्यातून तिने भट्टीचा धूर आणि उन्हाळ्याची धूळ ओढली, ते सुंदर आहे असे आपल्या किती पानांवर लिहिलेले आहे?

डॉक्टराकडून नाक मागावे, श्वास मागावा. प्रतिष्ठा त्याच्या कपाटात नाही. ती बघणाऱ्याच्या डोळ्यात अडकली आहे, आणि त्या डोळ्यावर शस्त्रक्रिया करणे हे आपल्या साहित्याचे काम आहे.